सल्ला नको, कालचा दिवस सांगा

मागच्या अंकात या पानावर लिहिलं होतं की कुठल्याही कोर्सला पैसे भरायच्या आधी ते काम रोज करणाऱ्या तीन-चार माणसांशी बोलून घ्या. त्यावर बरीच पत्रं आणि मेसेज आले, काही चिडून पण, "बोला म्हणणं सोपं आहे" वगैरे. त्यातले निवडक घेतेय, पहिल्याचं उत्तर मुद्दाम मोठं दिलंय कारण तोच प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय.

प्रश्न : ताई, मी कऱ्हाडला बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरचे म्हणतात एमएस्सी कर नाहीतर बीएड कर, मामा म्हणतो एमपीएससी दे. तुम्ही म्हणता माणसांशी बोला पण आमच्या ओळखीत या फिल्डमधलं कुणीच नाही, गावातल्या पॅथॉलॉजी लॅबवाले दादा सोडले तर. कॉलेजच्या प्लेसमेंटच्या सरांनी एकदा इन्फॉर्मेशनल इंटरव्ह्यू की काय ते (म्हणजे ते काम करणाऱ्याला भेटून नुसती माहिती विचारणं) सांगितलं होतं, पण अनोळखी माणसाला मेसेज करायचा म्हटलं की हात थरथरतो, त्यांना वाटणार ही नोकरी मागतेय. आणि समजा कुणी हो म्हणालंच तर विचारायचं काय? — मायक्रोवाली, कऱ्हाड

उत्तर : आधी ते "ओळखीत कुणीच नाही" बघू. तू फक्त घरातल्यांची आणि मैत्रिणींची यादी केलीयस. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या एका शहरात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं की ज्याच्याकडून या जागेबद्दल कळलं तो माणूस तुम्हाला तेव्हा कितीदा भेटायचा. १९७३ च्या त्याच्या निबंधात आकडे आहेत : ओळखीतून काम मिळालेल्यांपैकी १६.७ टक्के म्हणाले वरचेवर भेटायचा, ५५.६ टक्के म्हणाले कधीमधी आणि २७.८ टक्के म्हणाले क्वचितच. ५४ जणांचेच आकडे आहेत हे, देशही वेगळा, पण कारण आपल्याकडेही लागू पडतं, जवळच्यांना जे माहिती असतं ते तुलाही माहितीच असतं, नवीन कळायचं तर लांबच्याकडूनच. लग्नाची स्थळं कुठून येतात बघ ना, सख्ख्या काकाकडून कमी आणि आत्याच्या नणंदेच्या शेजारणीकडून जास्त.

तर यादी अशी कर. तुमच्या कॉलेजच्या मागच्या पाच-सहा बॅचमधले कोण कुठे आहेत हे डिपार्टमेंटच्या मॅडमना आणि लॅब असिस्टंटला विचार, त्यातही लॅब असिस्टंटला आधी, त्यांच्याकडे सगळ्यांचे नंबर असतात. लिंक्डइनवर कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा भाग असतो, तिथे गाव आणि कंपनीप्रमाणे चाळता येतं. आणि तुझ्या आजूबाजूला मायक्रोवाल्यांची कामं किती आहेत ते एकदा मोज तरी : दूध संघाची लॅब, साखर कारखान्याची डिस्टिलरी (तिथे यीस्ट सांभाळायला माणूस लागतोच), हॉस्पिटलची लॅब, भूजल सर्वेक्षणवाल्यांची पाणी तपासणी प्रयोगशाळा, मसाले-लोणची-बेकरीवाल्यांचं क्वालिटी. त्यातली निम्मी तर एसटीने जाऊन यायच्या अंतरावर निघतील.

यातून माणूस निवडताना थेट साहेबाकडे जाऊ नकोस. पंचवीस वर्षं झालेला मॅनेजर तुला त्याच्या तरुणपणीची नोकरी सांगेल, जी आता तशी उरलेलीच नाही. दोन ते सहा वर्षं झालेलं कुणीतरी पकड. त्याला रुजू झाल्यावरचे पहिले महिने अजून लक्षात असतात, पगाराची स्लिपही ताजी असते, आणि तुझ्यासारख्या मुलीशी बोलायला त्याला भारीही वाटतं.

मेसेज असा काहीतरी :

"नमस्कार सर, मी कऱ्हाडला टीवाय मायक्रोबायोलॉजीला आहे. तुमचं नाव आमच्या डिपार्टमेंटच्या मॅडमनी सुचवलं. डेअरीच्या लॅबमध्ये रोजचं काम कसं चालतं ते समजून घ्यायचंय. नोकरीसाठी मेसेज करत नाहीये, माझं अजून काहीच ठरलेलं नाही. या किंवा पुढच्या आठवड्यात तुमच्या सोयीने पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का? नाही जमलं तरी काही हरकत नाही."

बस, एवढंच. नाव कुणी दिलं, काय हवंय, किती वेळ, आणि नाही म्हणायची मोकळीक. बायोडाटा जोडायचा नाही, जोडलास की तू कितीही नाही म्हटलंस तरी ती नोकरीचीच मागणी झाली. आणि ते "रिस्पेक्टेड सर प्लीज गाइड मी" तर अजिबात नको, असल्या मेसेजला काय उत्तर द्यायचं हे समोरच्यालाही कळत नाही म्हणून तो देतच नाही. उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदा आठवण कर, तरी नाही आलं तर सोड, मनाला लावून घेऊ नकोस, लोकांच्या फोनमध्ये तसेही शंभर न वाचलेले मेसेज असतात.

आता विचारायचं काय. इथेच बहुतेक जण गडबडतात. "सर या फिल्डला स्कोप आहे का", "मी काय करू" असं विचारलं की समोरचा सल्ला देतो, आणि सल्ला म्हणजे त्याच्या आयुष्यातली हळहळ किंवा त्याचा अभिमान, दोन्हीचा तुला उपयोग शून्य. तुला हवाय त्याचा दिवस. मागच्या वर्षी एका वाचक मुलीने तिच्या फोनची टिपणं मला पाठवली होती. तिने आधी विचारलं काम कसं असतं, उत्तर आलं "छान आहे, शिकायला मिळतं". मग तिने विचारलं, "काल ड्युटीवर गेल्यावर सगळ्यात आधी काय केलंत?" तिथून पुढे तो डेअरीवाला पोरगा थांबेचना. पहाटेची शिफ्ट, गेल्या गेल्या दोन टँकर उभे, टँकर खाली करायच्या आधी दुधाचा वास, तापमान, ॲसिडिटी, थोडं उकळून फाटतंय का, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), युरिया-साखर-न्यूट्रलायझर अशा भेसळीच्या टेस्ट, आणि हे सगळं चालू असताना ड्रायव्हर खिडकीत उभा राहून "साहेब झालं का" करतोय. त्यानंतर कुठे मायक्रोचं काम, मीडिया (जंतू वाढवायचं खाद्य) बनवायचा, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) १२१ डिग्रीला लावायचा, प्लेट्स ओतायच्या, दोन दिवसांपूर्वी इन्क्युबेटरमध्ये ठेवलेल्या प्लेट्सवरच्या कॉलन्या मोजायच्या. आणि उरलेला सगळा वेळ रजिस्टर. प्रत्येक आकडा लिहायचा, सही करायची, ऑडिट आलं की तीच रजिस्टरं परत काढायची. एक टँकर नापास केला तर वरून फोन कसा येतो आणि तेव्हा काय बोलायचं हेही त्याने सांगितलं, हे कुठल्या सिलॅबसमध्ये नाही. त्या मुलीला रजिस्टरचं काहीच वाटलं नाही, पण टँकर नापास करून वर भांडण आपल्याच्याने होणार नाही हे तिला फोन ठेवायच्या आतच कळलं होतं. ती आता पाणी तपासणीच्या लॅबमध्ये आहे, खूश आहे असं म्हणते.

तर "काल काय केलंत" हा पहिला प्रश्न. त्याच्या पोटातून पुढचे आपोआप निघतात : यातलं कुठलं काम दुसऱ्याला देता आलं तर आजच देऊन टाकाल, कामावर लागल्यावर पहिल्या सहा महिन्यांत काय नव्याने शिकावं लागलं, तुमच्याबरोबर लागलेले बाकीचे आता कुठे आहेत (हा फार कामाचा प्रश्न, यातून कळतं की लोक तिथून वर जातात, बाहेर जातात की अडकून बसतात). पगार विचारायला लाजू नकोस, फक्त "तुम्हाला किती मिळतो" असं नको, "आत्ता नवीन मुलांना इथे सुरुवातीला साधारण किती देतात" असं विचार, बहुतेक जण सांगतात. जे वेबसाइटवर आहे ते मात्र विचारू नकोस. एमएस्सीची फी किती, पात्रता काय, हे विचारून त्याची पंधरा मिनिटं घालवलीस तर तो मनातल्या मनात म्हणणारच, गुगल नाही का.

मामाचं एमपीएससी आणि तुझं मायक्रो हे वेगळे रस्ते असायलाच पाहिजेत असंही नाही. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या पदाला नियमात ज्या पदव्या चालतात त्यात मायक्रोबायोलॉजी आहे. पण त्याआधी अशा एखाद्या अधिकाऱ्याशी बोल. २००६ च्या कायद्याप्रमाणे घेतलेल्या नमुन्याचे चार भाग करायचे, सील करायचे, पंचनामा, मग पुढे सुनावण्या आणि तारखा, दिवाळीच्या तोंडावर खव्याच्या गाड्यांमागे रात्री जागायचं. लॅब आवडते म्हणून मायक्रो घेतलेल्या मुलीला हे आवडेलच असं नाही, किंवा कदाचित हेच जास्त आवडेल. ते तुझं तुलाच कळेल, मला इथून नाही कळणार.

फोन झाला की त्याच दिवशी वहीत लिहून काढ, दुसऱ्या दिवशी निम्मं विसरतं. फोन ठेवताना "अजून कुणाशी बोलू?" हे विचारायचंच, पुढचं नाव तिथूनच मिळतं, आणि त्या पुढच्या माणसाला मेसेज करताना हात कमी थरथरतो. संध्याकाळी आभाराचा दोन ओळींचा मेसेज टाक आणि पुढे कधी काही ठरलं तर तेही कळव, लोकांना ते फार आवडतं. पॅथॉलॉजीवाल्या दादांपासूनच सुरू कर, सरावाला बरे. आणि एकाच ठिकाणच्या तिघांशी नको, वेगवेगळ्या ठिकाणच्या तिघांशी बोल.

प्रश्न : मी ३७ वर्षांचा, पुण्यात आयटीत. शाळेत गणित शिकवावं असं गेली काही वर्षं डोक्यात आहे. बायकोचा पाठिंबा आहे पण ती म्हणते आधी नीट माहिती काढ. अडचण अशी की मी कुणाशी बोलायला लागलो आणि ऑफिसात कळलं तर अप्रेझलला बाराच वाजतील. — हिंजवडीकर

उत्तर : तुमच्या बायकोचं बरोबर आहे. ऑफिसचं म्हणाल तर लिंक्डइनवर "ओपन टू वर्क" (नोकरी शोधतोय ही खूण) लावू नका, अगदी फक्त रिक्रूटर्सना दिसेल असा पर्याय निवडलात तरी तुमच्या कंपनीला दिसणारच नाही याची खात्री लिंक्डइन स्वतःच देत नाही. पण शिक्षकांशी बोलायला लिंक्डइन लागतंच कुठे, सोसायटीत चार शिक्षक असतात, मुलाच्या शाळेत असतात. भेटल्यावर सरळ सांगायचं की ऑफिसात अजून कळवलेलं नाही, तेवढं सांभाळा. माणसं सांभाळतात.

मात्र कुठल्या शिक्षकाशी बोलताय ते बघा. निवृत्त मुख्याध्यापकांशी गप्पा मस्त होतील पण ते ज्या मार्गाने लागले तो मार्ग आता नाही. अनुदानित शाळेत जायचं तर बीएड, टीईटी (आठवीपर्यंतच्या वर्गांना लागणारी शिक्षक पात्रता परीक्षा), टेट (भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी) आणि पवित्र पोर्टल (शिक्षक भरतीची सरकारी वेबसाइट), आणि लागल्यावर आधी तीन वर्षं शिक्षण सेवक, त्याचं मानधन २०२३ पासून प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० रुपये झालंय. हे आकडे आधीच वाचून घ्या आणि ईएमआयशेजारी मांडून बघा, कारण भेटीत हे विचारण्यात वेळ घालवायचा नाहीये. भेटायचं ते सध्या शिक्षण सेवक असलेल्या एखाद्याला, एखाद्या खासगी इंग्लिश मीडियम किंवा इंटरनॅशनल शाळेतल्या गणिताच्या शिक्षकाला, आणि एखाद्या क्लासवाल्याला. तिघांचं गणित एकच असलं तरी दिवस तीन वेगळे आहेत. शाळेतल्यांना विचारा की गेल्या आठवड्यात प्रत्यक्ष शिकवण्याचे तास किती आणि ऑनलाइन माहिती भरणे, पेपर, मीटिंगा, सर्वेक्षणं यात किती गेले. तुमच्या डोक्यात जे शिकवणं आहे ते शिल्लक किती राहतं ते यातून दिसेल. शक्य झालं तर परवानगी काढून एक दिवस मागच्या बाकावर बसा, सातवीच्या वर्गात, जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास.

प्रश्न : मुलगा बारावीला आहे, त्याला मर्चंट नेव्हीत जायचंय. ओळखीच्या एका एजंटने कोर्स आणि जहाजावर लावून देण्याचं मिळून पाच लाख सांगितलेत. गावातले एक जण बोटीवर आहेत, सध्या सुट्टीवर आलेत. त्यांना भेटायला जायचंय तर काय काय विचारू? — एक पालक, रत्नागिरी

उत्तर : पहिलं म्हणजे पैसे देऊ नका, निदान त्यांना भेटेपर्यंत तरी. जहाजावर लावून देणाऱ्या एजन्सीकडे डीजी शिपिंगचा (केंद्र सरकारचं जहाज वाहतुकीचं खातं) आरपीएसएल म्हणजे खलाशी भरतीचा परवाना लागतो आणि परवाना असलेल्या एजन्सीलाही नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घ्यायला नियमाने बंदी आहे. फी असते ती कोर्सची, ती संस्थेत भरायची, संस्था मान्यताप्राप्त आहे का ते डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर आधी बघायचं. जो "लावून देतो" म्हणून रोख मागतो त्याला परवाना क्रमांक विचारा आणि तोंड बघा.

आता भेट. प्रश्न तुम्ही विचारू नका, मुलाला विचारू द्या. तुम्ही गेलात की बोटीवरचे भाऊ तुमच्याशी बापमाणसासारखं बोलणार, पगार, घर बांधलं, गाडी घेतली. पोरगा एकटा असेल तर त्याला सांगतील की पहिले दोन महिने काय झालं, झोप किती मिळते, सीनियर कसे असतात, घरातलं कुणी वारलं तर येता येतं का. तुम्ही चहा घेऊन पडवीत बसा हवं तर.

आणि तो त्यांना एक गोष्ट नक्की विचारू दे : कोर्स संपल्यापासून पहिल्या जहाजावर चढेपर्यंत किती महिने गेले, आणि तुमच्या बॅचमधले किती जण अजून वाट बघतायत. कोकणात कोर्स केलेली आणि घरी बसलेली मुलं तुम्हालाही माहिती असतील. डीएनएस (डेकवरचा अधिकारी व्हायचा डिप्लोमा) केलेल्या कॅडेटला सेकंड मेट या अधिकारीपदाच्या परीक्षेआधी १८ महिन्यांचा समुद्रावरचा काळ भरावा लागतो, तो मिळाला नाही तर कोर्सचा कागद नुसता कागदच. म्हणून संस्थेची निवड करताना इमारत बघू नका, तिथून मागच्या वर्षी बाहेर पडलेल्या दोन मुलांचे नंबर मागा. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर काय समजायचं ते समजा. आणि गावातले भाऊ इंजिनात आहेत की डेकवर की गॅलीत (जहाजाच्या स्वयंपाकघरात) हेही आधी विचारा, मुलाला ज्या बाजूला जायचंय त्याच बाजूचा माणूस भेटला तर बरं.

प्रश्न : मी तुमचा सल्ला ऐकून तीन आर्किटेक्टना भेटले. तिघांनी सांगितलं येऊ नकोस. पाच वर्षं घालवायची का नाही आता? — गोंधळलेली, नाशिक

उत्तर : येऊ नकोस हे प्रत्येक धंद्यातला माणूस म्हणतो गं, डॉक्टर म्हणतात, पत्रकार म्हणतात, माझ्याकडे कुणी आलं तर मीही म्हणेन. त्यांना परत मेसेज करून एवढंच विचार, की मग तुम्ही अजून इथे का आहात. आणि तिघांच्या तक्रारी वेगळ्या लिही. एकाची तक्रार त्याच्या ऑफिसबद्दल असेल, रात्री अकरापर्यंत ड्रॉइंगं काढून घेतात वगैरे, ते ऑफिस बदललं की बदलतं. दुसऱ्याची क्लायंट पैसे बुडवतात ही असेल, ती स्वतःची प्रॅक्टिस काढलीस तरच तुझ्यापर्यंत येणार. तिसरा म्हणाला असेल की दिवसभर साइटवर धुळीत उभं राहायचं आणि ठेकेदाराशी वाद घालायचा, आणि ते ऐकताना तुला जर मनातून मजा वाटली असेल तर ती तक्रार तुझ्यासाठी तक्रारच नाही. सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली असेल, उदाहरणार्थ पहिली काही वर्षं पैसे फार कमी, तर ती धंद्याची, ती गंभीरपणे घे आणि घरी आकड्यांसकट बोल. चौथ्या भेटीला नुकत्याच पास झालेल्या मुलीकडे जा, शक्यतो तिच्या ऑफिसातच, तिच्या स्क्रीनवर काय उघडं आहे ते बघ.

प्रश्न : मी नागपुरात फिजिओथेरपिस्ट आहे. तुमच्यामुळे म्हणा किंवा कशामुळे, मला आता सारखे असे मेसेज येतात. मदत करायची इच्छा आहे पण पेशंट सोडून किती बोलणार? नाही म्हणायलाही बरं वाटत नाही. — वैतागलेली पण प्रेमळ

उत्तर : थोडी माझ्यामुळे, मान्य. नेहमीचे जे पाच-सहा प्रश्न असतात त्यांची उत्तरं एकदाच एका व्हॉइस नोटमध्ये बोलून ठेवा, बीपीटीला (फिजिओथेरपीच्या पदवीला) किती वर्षं आणि त्यात इंटर्नशिप किती, क्लिनिक आणि हॉस्पिटलमधला फरक, होम व्हिजिटला जाताना मुलींनी काय काळजी घ्यायची, आणि तीच पाठवत जा. ती ऐकून ज्याचा दुसरा, नेमका प्रश्न येईल त्याच्याशीच फोनवर बोला, महिन्यातला एखादा रविवार सकाळचा तास त्यासाठी काढून. बाकीचे ऐकूनच गप्प होतात, अनुभव आहे. नुसतं "गाइड करा" लिहिणाऱ्याला "काय जाणून घ्यायचंय ते तीन ओळीत लिहा" एवढं उत्तर पुरे, लिहिलं तर ठीक, नाही लिहिलं तर त्याचं त्याने ठरवलं. आणि सुरुवातीला हातात किती पडतात तो आकडा त्या व्हॉइस नोटमध्ये पहिल्या मिनिटातच सांगून टाका, पोरं बाकी सगळं त्याच्यासाठीच ऐकत बसलेली असतात.